आत्याची वही : भीमगडाच्या रानातली नर्सबाई

खानापूर तालुक्याचा इतिहास म्हटला की हलशीचे कदंब, भीमगड किल्ला आणि 1831 साली नंदगडला फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा, एवढं आपण सांगतो. पुढचं बोलणं 1956 ची राज्य पुनर्रचना आणि सीमाप्रश्न यावर येऊन थांबतं. माझ्याकडचं साधन जरा वेगळं आहे. ती माझ्या आत्याची शंभर पानी वही.

आत्या ए.एन.एम. होती, लोक नर्सबाई म्हणत. भोर समितीने 1946 साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली आणि 1952 पासून ती उभी राहू लागली. त्यांच्या हाताखाली उपकेंद्रं आली. डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असं प्रमाण पुढे ठरलं. कागदावर हिशेब बरोबर. पण गवाळी, कोंगळा, पास्तोली, तळेवाडी, आमगाव ही गावं कधी चालून बघा! मध्ये रान, ओढे आणि पावसाळ्यात वाहून जाणारे साकव.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आत्या नोकरीला लागली. शिक्षण मराठी शाळेत, सरकारी अहवाल मात्र कन्नडमध्ये. ती कन्नड शिकली, अहवाल वेळेवर देत राहिली. स्वतःसाठी मात्र मराठीत लिहायची.

खांद्याला लसीचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या. बर्फ वितळायच्या आत शेवटचं घर गाठायचं. काचेच्या सिरिंज कुणाच्या तरी चुलीवर उकळून घ्यायच्या. नाळेला शेण किंवा राख लावायची जुनी रीत होती, त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. आत्याने सुईणींशी भांडण काढलं नाही. त्यांच्याशेजारी बसून साबणाने हात धुणं, नवं ब्लेड, उकळलेला दोरा हे दाखवलं आणि गरोदर बायकांना धनुर्वाताची लस टोचली. 2015 साली भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला त्या चुली आठवल्या.

वहीतला खरा ऐवज म्हणजे दर वैशाखातली यादी. आषाढ-श्रावणात कोण बाळंत होणार, तिचं माहेर कुठं, खानापुरात किंवा रस्त्यालगतच्या गावात नातेवाईक कोण. ओढे चढायच्या आत त्या बाईला तिकडं पोहोचवायचं. हे कुठल्याच सरकारी तक्त्यात नव्हतं. सासूबाईंची समजूत काढायलाच चार फेऱ्या व्हायच्या.

एका पानावर एक नाव आहे. पुढे 'ओढा लवकर चढला' एवढंच. मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "तिला आठ दिवस आधी हलवायला पायजे होतं रे." आणि उठून आत गेली.

2011 साली भीमगड अभयारण्य झालं. 2024 च्या पावसाळ्यातही आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. म्हणजे आत्याची यादी अजून जुनी झालेली नाही.

तिच्या कन्नड अहवालांची मी चौकशी केली, ते रद्दीत गेले होते. उरली ही वही. तुमच्या घरी निवृत्त नर्स, सुईण, आरोग्यसेवक असतील तर त्यांच्या वह्या जपा. त्यांना बोलतं करा. ताम्रपटात राजांची नावं सापडतात. या बायकांची नावं अशा वह्यांतच आहेत.