गॅसचा वास घेणारा काचेवरचा थर

घरात गॅसचा वास आला की काय करायचं, हे आपल्याला पाठ असतं. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि लाइटच्या बटणाला हात नाही. पण गंमत अशी, की तो वास गॅसचा नसतोच. गळती कळावी म्हणून एलपीजीत इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. म्हणजे सगळा भरवसा नाकावर. मग सर्दी झाली असेल तर? सगळे झोपले असतील तर? आजची गोष्ट याच प्रश्नाची.

१९५३ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ब्रॅटन आणि बार्डीन यांनी दाखवलं, की आजूबाजूचा वायू बदलला की जर्मेनियमच्या पृष्ठभागाचे विद्युत गुणधर्म बदलतात. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांसाठी ही डोकेदुखीच होती.

१९६२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात तेत्सुरो सेइयामा आणि सहकाऱ्यांनी हीच डोकेदुखी कामाला लावली. त्यांनी झिंक ऑक्साइडचा पातळ थर घेतला, तो चांगला तापवला आणि त्यावरून वायू सोडला. थराचा रोध बदलला आणि वायू आल्याचं कळलं!

हे होतं कसं? तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे रोध वाढतो. एलपीजीसारखा ज्वलनशील वायू आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घसरतो. हा सगळा खेळ पृष्ठभागावरचा. थर जाड असेल, तर आतल्या भागाला बाहेरची खबरच लागत नाही. म्हणून पातळपणा महत्त्वाचा.

त्याच वर्षी जपानमध्येच नाओयोशी तागुची यांनी पेटंटसाठी अर्ज केला. घरगुती गॅसचे स्फोट त्यांना थांबवायचे होते. त्यांनी टिन ऑक्साइडची भुकटी भाजून घट्ट केली. हा पातळ थर नव्हता, पण स्वस्त आणि टिकाऊ होता. १९६८ पासून हे सेन्सर बाजारात आले आणि घराघरांतल्या अलार्ममध्ये बसले.

पातळ थरांचं काम मात्र थांबलं नाही. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही असे थर बनवण्यावर बरंच संशोधन झालंय. त्यातली एक रीत ऐकायला अगदी सोपी आहे: धातूच्या क्षाराचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचं. पाणी उडून जातं, क्षाराचं विघटन होतं आणि काचेवर ऑक्साइड उरतं.

एक मात्र लक्षात ठेवा. हा सेन्सर वायूंमध्ये फारसा भेद करत नाही. डिओ मारला तरी अलार्म वाजू शकतो. पण म्हणून वैतागून तो काढून टाकू नका. आणि एलपीजीसाठी लावणार असाल तर जमिनीजवळ लावा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. आपलं नाक असतं पाच फुटांवर. धोका त्याच्या बराच खाली असतो.