वाचकवर्गाची निवड आणि मराठी नियतकालिकांची परंपरा : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

ग्रामीण भागातील महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था आणि तरुण अभ्यासक आपल्या परिसराविषयी संकेतस्थळ सुरू करण्याचा विचार करतात, तेव्हा त्यावर काय द्यावे याची चर्चा प्रथम होते. ते कोणासाठी असावे हा प्रश्न बहुधा मागे पडतो. ‘सर्वांसाठी’ हे त्याचे सोपे उत्तर असते. मराठी नियतकालिकांचा इतिहास मात्र या उत्तराला फारसा अनुकूल नाही. नवे पत्र काढणाऱ्या प्रत्येक संपादकापुढे हाच प्रश्न उभा होता आणि त्याने दिलेल्या उत्तरावर त्या पत्राचे विषय, भाषा व आयुष्य अवलंबून राहिले. प्रस्तुत लेखात या परंपरेतील काही निवडींचा आढावा घेऊन, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात त्यांचा अर्थ तपासला आहे.

दोन वाचक आणि एक पत्र

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी असे. एतद्देशीयांना पाश्चात्य विद्येची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे विचार कळावेत, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. हेतू थोर असला तरी एकाच अंकाने दोन अत्यंत भिन्न वाचकांचे समाधान करावयाचे होते. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद झाले. त्याच वर्षी जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, इतिहास व भौतिक शास्त्रे यांतील ज्ञान मराठीतून देणे एवढेच मर्यादित कार्य त्याने स्वीकारले होते. पहिल्या पत्रात एकत्र बांधलेले दोन हेतू येथे सुटे झालेले दिसतात.

१८४१ मध्ये भाऊ महाजनांनी सुरू केलेले ‘प्रभाकर’ संपूर्ण मराठी होते. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून याच पत्रात प्रसिद्ध झाली. आपल्याच समाजाला आपल्याच भाषेत खडे बोल सुनावणारे हे लेखन, दुसऱ्या रकान्यात इंग्रज अधिकारी वाचत आहे या जाणिवेने झाले असते तर त्याचा सूर असाच राहिला असता काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकर आदींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. मराठी वाचकासाठी ‘केसरी’ आणि इंग्रजी जाणणाऱ्या सुशिक्षितांसाठी व सरकारसाठी ‘मराठा’, अशी वाटणी आरंभापासून होती. आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेले ‘सुधारक’ पुन्हा द्वैभाषिक झाले व त्याच्या इंग्रजी विभागाची धुरा गोखल्यांनी सांभाळली. परंतु ‘सुधारक’च्या दोन्ही भाषांचा रोख मुख्यतः एकाच सुशिक्षित वर्गाकडे होता. भाषा किती यापेक्षा वाचक कोण, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो.

उपेक्षित वाचकाची निवड

ठाणे शहरातून १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघाले. जिल्ह्यालाही मुद्रित पत्र मिळाले. तथापि त्या काळातील बहुतेक पत्रांचा वाचक म्हणजे साक्षर, उच्चवर्णीय व नागर गृहस्थ होता. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले, तेव्हा ही चौकट मोडली. शेतकरी व श्रमिक हा त्याचा वाचक होता. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संपादकत्वाखाली ते मुंबईतून निघू लागले व गिरणी कामगारांच्या प्रश्नांना वाचा फुटली. लोखंड्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये कामगारांच्या सभा भरल्या. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर वेतन या त्यांतील मागण्या होत्या. येथे निश्चित वाचकवर्गाने पत्राला विषय दिला आणि पत्राने त्या वर्गाला संघटित होण्यास साहाय्य केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या ‘मूकनायक’ची निवड याहून कठीण होती. ज्या समाजाला शिक्षण व उत्पन्न दोन्ही नाकारले गेले, तोच या पाक्षिकाचा वाचक होता. छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले; तरीही १९२३ मध्ये ते बंद पडले. म्हणून वाचकाची निवड चुकली होती असे म्हणता येत नाही. आंबेडकरांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले ते त्याच वाचकासाठी. ज्याच्यासाठी लिहावयाचे आणि ज्याच्याकडून खर्च भागवावयाचा, ते दोघे नेहमी एकच असतात असे नाही, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

याच्या उलट बाजूस ‘किर्लोस्कर खबर’ आहे. तीही १९२० मध्येच सुरू झाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील घडामोडी ग्राहकांना व कामगारांना कळवणे हा तिचा मूळ उद्देश होता. नांगराचा ग्राहक हाच तिचा वाचक असल्यामुळे आर्थिक पाया पक्का होता. तिच्यातूनच शंकरराव किर्लोस्करांनी पुढे ‘किर्लोस्कर’ हे सर्वसामान्य मासिक घडवले आणि स्त्रियांसाठी ‘स्त्री’ (१९३०) व तरुणांसाठी ‘मनोहर’ (१९३४) ही वेगळी मासिके काढली. वाचक वाढले तेव्हा एकाच मासिकात सर्व काही कोंबण्याऐवजी नव्या वाचकासाठी नवे मासिक काढले गेले, ही बाब लक्षणीय आहे. २० एप्रिल २००५ रोजी सुरू झालेले ‘अ‍ॅग्रोवन’ हे केवळ शेतीला वाहिलेले दैनिक याच परंपरेतील पुढचा टप्पा मानता येईल.

शहापूर-मुरबाडचा वाचक

या पार्श्वभूमीवर शहापूर व मुरबाड तालुक्यांकडे पाहिले असता निवडीचे महत्त्व अधिक ठळक होते. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा येथील पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. संपूर्ण शहापूर आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आदी समाज येथे राहतात. कसारा मार्गावरील आसनगाव, आटगाव, खर्डी या स्थानकांवरून रोज मुंबईकडे जाणारा नोकरदार वर्ग येथे आहे. मुरबाड रेल्वेपासून दूर असले तरी माळशेज घाटात पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी होते.

या परिसरावर संकेतस्थळ काढणाऱ्याने माळशेजचा पर्यटक डोळ्यांसमोर ठेवल्यास धबधबे, रस्ते व निवासाची सोय हे विषय आपोआप अग्रस्थानी येतील. आसनगावचा प्रवासी ठेवल्यास लोकलचे वेळापत्रक येईल. पाड्यावरील ग्रामसभेचा सदस्य ठेवल्यास पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा, रोजगार हमी आणि पाणी हे विषय येतील, भाषा सोपी होईल आणि वाचू न शकणाऱ्यासाठी ध्वनिमुद्रणाचाही विचार करावा लागेल. भूभाग एकच असला तरी वाचकानुसार त्याचे चित्र बदलते. ‘सर्वांसाठी’ म्हटले की निवड टळत नाही. ती न सांगता होते आणि बहुधा क्रयशक्ती असलेल्या बाहेरच्या वाचकाच्या बाजूने होते.

नेमकी निवड किती फलदायी ठरते याचे उदाहरण याच परिसरात आहे. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या निरक्षर स्त्रिया एवढाच तिचा विद्यार्थिवर्ग होता. घरकाम आटोपल्यानंतरची दुपारची वेळ आणि गणवेश म्हणून गुलाबी लुगडे या गोष्टी त्या निवडीतूनच ठरल्या. एका लहान गावातील मूठभर स्त्रियांसाठी काढलेल्या या शाळेची दखल देशाबाहेरही घेतली गेली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी संभवतात. पहिली, वाचकवर्ग मर्यादित केल्याने कार्य लहान होत नाही. ‘दीनबंधु’प्रमाणे त्यातूनच त्याला विषय व बळ मिळते. दुसरी, वाचक आणि आर्थिक आधार यांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. ‘मूकनायक’च्या वाट्याला आलेली अडचण वाचकाची नसून वर्गणीची होती. छपाई व टपाल यांचा भार संकेतस्थळावर नसल्याने ती आज काही अंशी कमी झाली आहे. तथापि जाहिरातीच्या उत्पन्नाचा मोह निश्चित वाचक सोडून गर्दीमागे जाण्यास प्रवृत्त करू शकतो. तिसरी, दुसरा वाचक खुणावू लागल्यास पहिल्याला दूर न सारता त्याच्यासाठी वेगळे दालन उघडणे हा किर्लोस्करांनी दाखवलेला मार्ग अधिक श्रेयस्कर होय.

शहापूर-मुरबाडमधील महाविद्यालयांत पाड्यांवरून आलेले विद्यार्थी शिकतात. त्यांच्या घरी कोणती माहिती पोहोचत नाही, हे त्यांच्याकडूनच कळू शकते. नव्या संकेतस्थळाच्या वाचकाचा शोध तेथून सुरू करणे इतिहासाच्या दृष्टीने सुसंगत ठरेल.