आयुर्विमा-निधीची अफरातफर आणि तिचा शोध : १९४५ ते १९६२

विम्याच्या व्यवहारातील लबाडी म्हटली की सामान्यतः विमेदाराने केलेली फसवणूक डोळ्यांपुढे येते. खोटे वय सांगणे, जुना आजार लपविणे किंवा मुद्दाम आग लावून नुकसानभरपाई मागणे हे तिचे परिचित प्रकार होत. अशा लबाडीचा शोध घेण्यास विमा कंपनी स्वतः समर्थ असते. कारण पैसा तिचा जाणार असतो आणि चौकशीची साधनेही तिच्याच हाती असतात. परंतु फसविणारी कंपनीच असेल, तर विमेदाराच्या वतीने शोध कोणी घ्यावयाचा? स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतातील आयुर्विम्याच्या इतिहासात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला.

आयुर्विम्याचा करार दीर्घ मुदतीचा असतो. हप्ते आज भरावयाचे आणि रक्कम वीस-पंचवीस वर्षांनी, किंवा मृत्यूनंतर वारसांनी, घ्यावयाची, अशी त्याची रचना आहे. मधल्या काळात निधीचे काय झाले हे विमेदाराला कळण्याचा मार्ग नसतो. दुकानदाराने माप मारले तर गिऱ्हाइकाला ते त्याच दिवशी समजते. विमा-निधी पोखरला गेला तर ते कदाचित विधवेच्या हाती रिकामे कागद पडल्यावरच समजते. या काळाच्या अंतरामुळेच साठलेला निधी उद्योगपतींना व सटोडियांना मोहात पाडीत असे. विमा कंपनी ताब्यात घ्यावयाची व तिचा पैसा आपल्या इतर उद्योगांकडे वळवावयाचा, ही रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बळावली. कंपन्यांच्या कारभारातील अशा अनिष्ट प्रकारांचा विचार करण्यासाठी १९४५ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढे १९५० मध्ये १९३८ च्या विमा कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन विमा नियंत्रकाचे पद निर्माण झाले. तथापि हे उपाय अपुरे होते, हे भारत इन्शुरन्स कंपनीच्या प्रकरणाने सिद्ध केले.

१८९६ साली लाहोर येथे स्थापन झालेली ही कंपनी पुढे रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यात आली. १९५४-५५ मध्ये ते तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच वर्तुळातील दुसरी एक कंपनी शेअरांच्या सट्ट्यात बुडत होती. तिचा तोटा भरून काढण्यासाठी विमा कंपनीच्या मुंबईतील बँकखात्यातून रकमा काढल्या गेल्या आणि हिशेबात मात्र त्या रकमांचे सरकारी रोखे घेतल्याचे दाखविण्यात आले. निधीचा ठराविक भाग सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांतच गुंतवावा असे कायद्याचे बंधन होते. विमेदाराच्या रक्षणासाठी घातलेले हे बंधनच येथे अपहाराचा पडदा ठरले, कारण सरकारी रोख्यांच्या नोंदीवर संशय घेण्याचे कारण सहसा कोणास वाटत नसे. सप्टेंबर १९५५ मध्ये विमा कायद्याच्या ३३ व्या कलमान्वये एका सनदी लेखापालाची नेमणूक झाली. त्याच्या चौकशीत पुस्तकातील रोखे प्रत्यक्षात नाहीत हे उघड झाले. गेलेली रक्कम दोन कोटींहून अधिक होती. ६ डिसेंबर १९५५ रोजी लोकसभेत फिरोझ गांधी यांनी या कारभाराचे वाभाडे काढले.

शासनाने यातून घेतलेला निर्णय दूरगामी होता. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या व ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या यांचा कारभार अध्यादेशाने ताब्यात घेण्यात आला. आधी सुगावा लागल्यास निधी इकडचा तिकडे होईल, म्हणून सर्व तयारी गुप्तपणे करण्यात आली होती. मागील दशकात पंचवीस कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, तर आणखी पंचवीस कंपन्यांचा व्यवहार विमेदारांना तोशीस देऊन इतरांकडे सोपवावा लागला, याचा दाखला देशमुखांनी दिला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. तत्पूर्वीच देशमुख मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून बाहेर पडले होते.

मालकी बदलल्याने प्रश्न मिटला, असे मात्र म्हणता येत नाही. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटीच्या आसपास रकमेस खरेदी केले. हा व्यवहारही प्रथम लोकसभेतच उजेडात आला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्या आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली आणि महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९५८ मध्ये, अहवाल सादर केला. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्यावरच येते, असा निष्कर्ष त्यात होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

दालमिया खटल्याचा शेवट १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाला. विश्वासघाताच्या गुन्ह्यातील ‘मालमत्ता’ म्हणजे केवळ जंगम वस्तू, बँकेतील निधी नव्हे, असा बचाव करण्यात आला होता. न्यायालयाने तो अमान्य केला, अध्यक्ष हा कंपनीचा अभिकर्ता ठरतो असे मानले आणि दोषसिद्धी कायम ठेवली. हाताने उचलून नेता येईल अशा ऐवजाच्या अपहाराची कल्पना आता हिशेबवहीतील एका नोंदीपर्यंत विस्तारली.

या दोन प्रकरणांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात मालक खाजगी, दुसऱ्यात शासन. पहिल्यात अपहार न्यायालयात सिद्ध झाला, दुसऱ्यात आयोगाने व्यवहार धंद्याच्या तत्त्वांस सोडून झाल्याचा ठपका ठेवला. परंतु दोन्हींत सत्य बाहेर आले ते कंपनीच्या नेहमीच्या ताळेबंदातून नव्हे, तर बाहेरच्या व्यक्तीने विचारलेल्या प्रश्नांतून. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक रूप मिळाले व खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र पुन्हा खुले झाले. निधी कोणाच्या मालकीचा, यापेक्षा त्याची तपासणी कोण, केव्हा व किती उघडपणे करतो, यावरच विमेदाराचे हित अवलंबून राहते, हा त्या सतरा वर्षांचा धडा आहे.