चाळीस पत्रिका

कारंज्याच्या माणसाला भविष्यकथन नवे नाही. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म याच गावचा, आणि गुरुचरित्रात त्या जन्माच्या वेळी जातक वर्तविणारे ज्योतिषी हजर आहेतच. पण ती अवतारी पुरुषाची पत्रिका. आमच्या शाळेत पाचवीतल्या पोराची पत्रिका येते. 'गुरुजी, याच्या पत्रिकेत विद्याच नाही, तुम्ही उगीच डोकेफोड करू नका,' असे एक बाप मला सांगून गेला. पोर शेजारीच उभे होते. म्हणून २००८ साली पुण्यात झालेल्या एका परीक्षेची हकीकत वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

तिची पार्श्वभूमी अशी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली ज्योतिष हा विषय विद्यापीठांत शिकविण्याचे ठरविले. त्यावर शास्त्रज्ञांनी गदारोळ केला, पण गदारोळाने काही सिद्ध होत नाही. पुढे जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी सरळ परीक्षाच घेतली. हे घाटपांडे स्वतः एकेकाळचे ज्योतिषी! शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशे पत्रिका मांडल्या. ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस द्यायच्या. त्याने एवढेच सांगायचे, की मूल हुशार की मतिमंद. अठ्ठावीस बरोबर आले तर पास.

काही ज्योतिषांनी बहिष्कार पुकारला. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागविल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. नाणे उडविले तरी चाळिसांत वीस उत्तरे बरोबर यावीत. यांची सरासरी अठरापूर्णांक चार! सर्वांत हुशार ज्योतिषाला चोवीस. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची एकशे दोन बरोबर आली. निदान तिने माघार घेतली नाही, हे तिच्या पदरात टाकले पाहिजे.

याच नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा आहे. तीत १७६१ सालची ती गोळी विश्वासरावांना लागत नाही, आणि हिंदुस्थानचा सारा इतिहास निराळ्या वाटेने जातो. गोळी सुतभर सरकली की एवढी उलथापालथ होते असे मानणाऱ्या लेखकाला जन्मवेळेवरून मुलाची बुद्धी सांगणारा माणूस कसा वाटत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. समुदायाचे थोडेफार सांगता येते. दहावीला साधारण किती मुले बसतील, गुरुमंदिरात उत्सवाला किती पाने उठतील, याचा अदमास आम्हीही बांधतो. एकट्या माणसाचे मात्र कठीण.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला; नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. पाचवीच्या प्रवेशाला पत्रिका अजून येतात. मी त्या न उघडता परत देतो, आणि पोराला पहिल्या बाकावर बसवतो.