संगणक बदलताना संचिकांचे स्थलांतर

संचिकांचे स्थलांतर म्हणजे जुन्या संगणकावरील दस्तऐवज, छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती, पत्रव्यवहार आणि आज्ञावलींनी साठवलेली माहिती नव्या संगणकावर वापरण्याजोग्या स्थितीत नेण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात संचिकेला फाइल असे म्हणतात. संचिकेची प्रत नव्या संगणकावर पोहोचणे हा या प्रक्रियेचा पहिला टप्पा आहे. ती प्रत मूळ संचिकेशी तंतोतंत जुळणे हा दुसरा आणि नव्या संगणकावर ती उघडून वाचता येणे हा तिसरा टप्पा होय. तिन्ही टप्पे पूर्ण होईपर्यंत जुन्या संगणकावरील मूळ संचिका पुसल्या जात नाहीत, हा या कामातील मूलभूत संकेत आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत तिसरा टप्पा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण युनिकोडपूर्व काळातील मराठी संचिका अचूक नकलल्या गेल्या तरी नव्या संगणकावर अवाचनीय दिसू शकतात.

कारणे

संगणक नादुरुस्त होणे, त्याची क्षमता अपुरी पडणे किंवा संचालन प्रणालीची सुरक्षा अद्यतने बंद होणे ही संगणक बदलण्याची नेहमीची कारणे आहेत. विंडोज एक्सपीची सर्वसाधारण अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था अधिकृतपणे आवश्यक असल्यामुळे, ती नसलेले चालू स्थितीतील संगणकही बदलण्याची वेळ वापरकर्त्यांवर येते.

इतिहास

वैयक्तिक संगणकांच्या सुरुवातीच्या काळात संचिका प्रामुख्याने फ्लॉपीवरून नेल्या जात. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट माहिती मावत असे; या हिशेबाने एक गिगाबाइट माहितीसाठी सुमारे ७०० फ्लॉपी लागल्या असत्या. दोन संगणक केबलने थेट जोडून संचिका पाठवणारी लॅपलिंक ही आज्ञावली १९८० च्या दशकात अमेरिकेत उपलब्ध झाली. पुढे एमएस-डॉस ६ (१९९३) आणि विंडोज ९५ या प्रणालींमध्ये केबल-जोडणीची सोय मुळातच देण्यात आली. ६५० ते ७०० मेगाबाइट क्षमतेच्या लेखनयोग्य सीडी आणि २००० सालापासून बाजारात आलेले पेन ड्राइव्ह यांमुळे फ्लॉपी मागे पडली.

विंडोज एक्सपीमध्ये (२००१) संचिकांबरोबर वापरकर्त्याच्या मांडण्याही हलवणारे साधन अंतर्भूत होते. त्याची जागा विंडोज व्हिस्टामध्ये ‘विंडोज ईझी ट्रान्सफर’ने घेतली. विंडोज १० (२०१५) मधून हे साधन वगळण्यात आले. ॲपलच्या संगणकांवर याच कामासाठी ‘मायग्रेशन असिस्टंट’ ही आज्ञावली असते.

काय हलवता येते

दस्तऐवज, चित्रे आणि ध्वनिचित्रफिती यांची थेट प्रत काढता येते. आज्ञावल्यांचे तसे नसते. आज्ञावलीचे भाग संचालन प्रणालीत ठिकठिकाणी विखुरलेले असल्याने तिचा फोल्डर नुसता उचलून नेल्यास ती बहुधा चालत नाही; ती नव्या संगणकावर नव्याने बसवावी लागते. काही आज्ञावलींचा परवाना एकाच संगणकाशी बांधलेला असतो. अशा वेळी जुना संगणक चालू असतानाच तेथून परवाना परत करून नव्या संगणकावर तो कार्यान्वित करणे आवश्यक असते.

पुढील माहिती स्थलांतरात नजरेआड होण्याची शक्यता अधिक असते :

- डेस्कटॉपवर किंवा सी ड्राइव्हवर नेहमीच्या फोल्डरांबाहेर ठेवलेल्या संचिका.
- लपवलेल्या फोल्डरांतील माहिती. न्याहाळकातील वाचनखुणा, थंडरबर्डमधील ईमेल आणि अनेक आज्ञावलींच्या मांडण्या अशा फोल्डरांत असतात.
- हिशेबाच्या आज्ञावलींची माहिती. तिचे ठिकाण त्या आज्ञावलीच्या मांडणीत नोंदवलेले असते.
- वापरकर्त्याने स्वतः बसवलेले फाँट.
- क्लाउडवर असलेल्या संचिकांची केवळ नावे. वनड्राइव्हसारख्या सेवांत संचिकेचे नाव संगणकावर दिसत असले, तरी तिचा मजकूर कधीकधी फक्त सेवेच्या सर्व्हरवर असतो.

डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन हे उपकरण संगणकाबाहेर असल्यामुळे ते तसेच नेता येते. मात्र त्याची चालक आज्ञावली नव्या संगणकावर बसवावी लागते.

पद्धती

*बाह्य साठवण :* बाह्य हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह वापरणे ही सर्वांत रूढ पद्धत आहे. या पद्धतीत स्थलांतराबरोबर एक स्वतंत्र तिसरी प्रतही तयार होते. फॅट३२ पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी संचिका ठेवता येत नाही. त्यासाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस आखणी लागते. ॲपलच्या संगणकांवर एनटीएफएस आखणीची डिस्क वाचता येते, परंतु अतिरिक्त आज्ञावलीशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. दोन्ही प्रकारच्या संगणकांमध्ये देवाणघेवाण करताना म्हणून एक्सफॅट सोयीची ठरते.

*जुनी डिस्क काढून जोडणे :* जुना संगणक सुरू होत नसला तरी त्याची डिस्क शाबूत असू शकते. ती काढून केसिंगमध्ये किंवा यूएसबी ॲडॉप्टरवर बसवली की नव्या संगणकाला ती बाह्य डिस्क म्हणून दिसते. आयडीई, साटा आणि एम.२ या जोडण्या भिन्न असल्याने साधनही त्यानुसार निवडावे लागते. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांकाची गरज भासते. तो उपलब्ध नसेल, तर डिस्क शाबूत असूनही माहिती मिळत नाही.

*जाळ्यावरून :* दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडून सामायिक फोल्डरातून संचिका घेता येतात. या कामी विंडोजमधील रोबोकॉपी, तसेच लिनक्स आणि युनिक्सवर चालणारी आरसिंक ही साधने उपयोगी पडतात. काम मध्येच थांबल्यास ती पुन्हा चालवता येतात आणि आधी पोहोचलेल्या संचिका वगळतात. दोन संगणकांची यूएसबी द्वारे साध्या केबलने जोडून मात्र हे काम साधत नाही; त्यासाठी मध्ये नियंत्रक चिप असलेली खास केबल लागते.

*क्लाउड :* संचिका आंतरजालावरील साठवणीत चढवून नव्या संगणकावर उतरवल्या जातात. थोड्या संचिकांसाठी ही पद्धत सोपी आहे. मोठ्या साठ्यासाठी ती आंतरजालाच्या चढत्या वेगावर अवलंबून राहते.

लागणारा वेळ

१०० गिगाबाइट माहितीसाठी लागणारा वेळ साधनानुसार पुष्कळ बदलतो. पुढील आकडे वेगाच्या गणितावरून काढलेले आहेत :

- आंतरजाल, चढता वेग सेकंदाला २० मेगाबिट : सुमारे ११ तास.
- सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे स्थानिक जाळे : किमान सव्वादोन तास.
- यूएसबी २.०, प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ मेगाबाइट धरून : सुमारे ५० मिनिटे.
- सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे स्थानिक जाळे : किमान १३ मिनिटे.

एकूण आकार सारखाच असला तरी हजारो लहान संचिकांना मोजक्या मोठ्या संचिकांपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक संचिकेची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते.

पडताळणी

स्थलांतरात संचिका ‘कट’ करून हलवण्याऐवजी तिची प्रत काढणे सुरक्षित मानले जाते, कारण मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तरी मूळ संचिका जागेवर राहते. प्रत काढून झाल्यावर दोन्हीकडील संचिकांची संख्या आणि एकूण आकार यांची तुलना करणे ही प्राथमिक पडताळणी होय. अधिक काटेकोर तपासणीसाठी एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने संचिकेची अंकमुद्रा काढली जाते. संचिकेतील एक बिट जरी बदलला तरी ही मुद्रा बदलते. म्हणून दोन्हीकडील मुद्रा जुळल्यास प्रत अचूक असल्याची खात्री होते.

अंकमुद्रा जुळली तरी संचिका उघडेलच असे नाही. ती वाचणारी आज्ञावली नव्या संगणकावर नसेल, तर अचूक प्रतही निरुपयोगी ठरते. पुस्तके आणि नियतकालिके यांच्या मांडणीसाठी पूर्वी वापरले जाणारे ॲडोबी पेजमेकर हे याचे उदाहरण होय. त्याची ७.० ही २००१ मधील आवृत्ती शेवटची ठरली. अशा जुन्या संचिकांची पीडीएफ प्रत जुन्या संगणकावरच काढून ठेवल्यास निदान पृष्ठांचे मूळ रूप टिकते.

जुन्या मराठी मजकुराचे स्थलांतर

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि विंडोज २००० पासून मंगल या फाँटसह विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय झाली. तत्पूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ मराठी टंकलेखन पुण्यातील सी-डॅकची आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारख्या आज्ञावलींच्या फाँटमध्ये होत असे. अशा अनेक फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांसाठी ठरलेल्या संकेतांकांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असतात. संचिकेत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेतांकच साठवले जातात; फाँटमुळे ते मराठी दिसतात. नव्या संगणकावर तो फाँट नसेल, तर त्याच मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते.

अशी संचिका बिघडलेली नसते. मूळ फाँट नव्या संगणकावर बसवल्यास ती पूर्ववत वाचता येते. म्हणून जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यातील फाँट आणि टंकलेखनाची आज्ञावली जपून ठेवणे महत्त्वाचे असते. कायमचा उपाय म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे. प्रत्येक फाँट-कुळाची अक्षररचना वेगळी असल्यामुळे रूपांतरकही त्या त्या फाँटसाठी वेगळा लागतो. वर्ड संचिकेत फाँटचे नाव नोंदलेले असते, त्यामुळे योग्य रूपांतरक निवडता येतो. साध्या मजकूर संचिकेत ही नोंद नसते. तेथे मजकूर कोणत्या फाँटमधील आहे हे अंदाजाने ठरवावे लागते.

रूपांतरात केवळ एका संकेतांकाच्या जागी दुसरा ठेवणे पुरत नाही, क्रमही बदलावा लागतो. कृतिदेव या फाँटमध्ये ‘हिन्दी’ हा शब्द एफ, जी, यू, एन, एच या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने साठवला जातो. त्यात पहिले अक्षर ऱ्हस्व वेलांटीचे आणि दुसरे ‘ह’चे असते, कारण वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘ह’ आधी आणि वेलांटी नंतर येते. रफाराचेही असेच असते : जुन्या फाँटमध्ये तो अक्षरानंतर, तर युनिकोडमध्ये अक्षराआधी नोंदला जातो.

रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार, अनुस्वार आणि अर्ध्या ‘र’ची दोन रूपे यांची तपासणी आवश्यक असते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या शब्दांत केवळ ‘र’च्या रूपामुळे गुरूचा स्वयंपाकी होतो. असा दोष शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही सापडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. मराठी मजकुरात मधूनमधून आलेले मूळचे इंग्रजी शब्दही सरसकट रूपांतरात विद्रूप होतात. त्यामुळे रूपांतरित संचिकेबरोबर मूळ संचिकाही जतन केली जाते.

जुन्या संगणकाची विल्हेवाट

नव्या संगणकावरील संचिकांची खात्री पटल्यावर आणि त्यांची आणखी एक प्रत अन्यत्र ठेवल्यावरच जुनी डिस्क पुसली जाते. संचिका नुसती काढून टाकल्यास बहुधा तिची नोंद जाते, पण मजकूर डिस्कवर राहतो आणि पुनर्प्राप्तीच्या साधनांनी तो परत मिळू शकतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर संपूर्ण पुनर्लेखन करून तो नष्ट करता येतो. एसएसडीमध्ये नियंत्रक लेखनाच्या जागा बदलत असल्याने पुनर्लेखन भरवशाचे नसते. तेथे उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरली जाते. भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून, मोडीत निघालेल्या संगणकाचे पुनर्चक्रीकरण नोंदणीकृत संस्थांमार्फत होणे त्यांत अपेक्षित आहे.

हेही पाहा

- युनिकोड
- देवनागरी
- बॅकअप
- यूएसबी
- ई-कचरा