पाट, साखर आणि शरीर: श्रीरामपूर परिसरातील आहार व श्रमाच्या बदलाचा इतिहास

प्रवरेच्या खालच्या खोऱ्यात आज श्रीरामपूर ज्या भूमीवर उभे आहे, ती पर्जन्यछायेतील, म्हणजे सह्याद्रीने पावसाचा मोठा वाटा अडवून धरलेली भूमी असून, पाटाचे पाणी येण्यापूर्वी तेथील जेवण बाजरी व ज्वारीची भाकरी, तूर, हुलगा व मटकीसारखी कडधान्ये, रानातील पालेभाज्या आणि ठेचा यांवर चाले. गूळ सणासुदीला किंवा पाहुण्यासाठी निघे. या आहारात तंतुमय घटक भरपूर आणि साखर अत्यल्प होती, म्हणून तो आदर्श होता असे आज सर्रास मांडले जाते. परंतु 1876–78 च्या दुष्काळाने दख्खनमधील गावेच्या गावे उपाशी ठेवली होती, हे लक्षात घेतल्यास जुन्या ताटाचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो.

या परिसराचा कायापालट घडवला तो रेल्वेने आणि धरणाने. दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि त्यावरील बेलापूर स्थानकाभोवती पुढे श्रीरामपूरची बाजारपेठ वाढली. स्थानकाचे नाव मात्र आजही बेलापूरच आहे. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, प्रवरेचे डावे व उजवे कालवे वाहू लागले आणि दुष्काळापासून संरक्षण देण्यासाठी आणलेल्या पाण्यावर उसाने आपला हक्क सांगितला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. परदेशी साखरेपासून देशी कारखान्यांना 1932 मध्ये कायद्याने संरक्षण मिळाल्यावर टिळकनगरलाही साखर तयार होऊ लागली. आणि विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने जवळच्याच लोणीच्या सहकारी कारखान्याने 1950–51 च्या हंगामात गाळप सुरू केले. या कारखानदारीने शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा आणला, मुलांना शाळेत घातले आणि उपासमारीचे भय घालवले, हे तिचे ऋण निःसंकोच मान्य केले पाहिजे.

मात्र याच काळात गोडाने रोजच्या ताटात ठाण मांडले, आणि त्याचे वाहन होते चहा. चहाचा खप देशात वाढावा म्हणून 1903 च्या कायद्याने उपकर बसवण्यात आला होता. त्या पैशातून झालेला प्रचार रेल्वे स्थानकांपर्यंत पोहोचला आणि यथावकाश चहा हा पाहुणचाराचा, बाजारातील सौद्याचा व शेतातील विसाव्याचा अविभाज्य भाग झाला. एका कपात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे 8 ते 10 ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या पाच कपांतून 40 ते 50 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये घालून दिलेली मर्यादा 2,000 उष्मांकांच्या आहारात जेमतेम 50 ग्रॅमांची आहे आणि तीत मिठाई, शीतपेये, मध हे सारेच मोजायचे असते. साखरेऐवजी गूळ वापरल्याने हा हिशेब फारसा बदलत नाही, कारण गुळाचाही बहुतांश भाग शर्कराच असतो.

दुसरा बदल श्रमाचा होता आणि त्याकडे आहाराइतके लक्ष गेलेले नाही. मोटेच्या धावेवर, म्हणजे विहिरीवरील उतरणीवर, बैलांबरोबर दिवसभर होणाऱ्या खेपा विजेच्या मोटारीने संपवल्या, नांगरट ट्रॅक्टरकडे गेली आणि गावोगावची पायपीट आधी सायकलने, मग मोटारसायकलने कमी केली. कष्ट कमी झाले ही आनंदाचीच गोष्ट होय, परंतु कष्टाच्या मापाने ठरलेली भाकरीची भूक मात्र पुढेही बरीच वर्षे तशीच राहिली.

या दोन बदलांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे समजण्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन सर्वाधिक उपयोगी पडते. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत 1993 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी आढळले. मात्र त्यांच्या स्नायूंत जेवढी उणीव होती, तेवढी चरबीत नव्हती. अशी ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीरे पुढे मुबलक अन्नाच्या आणि बैठ्या कामाच्या परिस्थितीत वाढली की मधुमेहाचा धोका बळावतो, असे हे संशोधन सुचवते. हा अभ्यास श्रीरामपूरचा नव्हे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आणि दोन-तीन पिढ्यांतच साखरेच्या पट्ट्यात आलेल्या लोकसमूहाला तो लागू पडण्याची शक्यता दाट आहे. त्यामुळे रुग्णाच्या मधुमेहाचे खापर केवळ त्याच्या जिभेवर फोडणे अन्यायाचे ठरते.

त्याच अभ्यासात गर्भारपणी हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी, तर अतिकष्टाचे काम करणाऱ्या मातांची बालके लहान आढळली. बागायतदाराच्या अंगावरून उतरलेले कष्ट या पट्ट्यात नाहीसे झालेले नाहीत. दरवर्षी गाळपाच्या हंगामात कोरडवाहू तालुक्यांतून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या जोडप्याच्या, म्हणजे ‘कोयत्या’च्या, वाट्याला ते येतात आणि त्या जोडीतील स्त्री अनेकदा गरोदरपणीही मोळ्या उचलत असते.