रोजनिशी आणि औषधाची चिठ्ठी

जुन्या रायपुरापासून वीसेक किलोमीटरांवर नवा रायपुर वसले आहे. २०१२ मध्ये छत्तीसगढचे मंत्रालय तेथे गेले आणि २०१८ मध्ये त्या नगराला अटलनगर हे नावही लाभले. रुंद रस्ते, प्रशस्त दालने आणि कागदांच्या चळती यांच्यामधून राज्यातल्या आरोग्याची धोरणे तेथे ठरतात. परंतु कोणत्या रोग्याने कोणती गोळी घ्यावी, आणि ती कोणत्या कंपनीची घ्यावी, हा निर्णय मंत्रालयात होत नाही. तो डॉक्टराच्या मेजावर होतो. त्या मेजावर बहुधा एखाद्या औषधाचे नाव छापलेली रोजनिशी पडलेली असते. एका डॉक्टर स्नेह्याने दिलेली तशीच एक रोजनिशी माझ्याही घरी आहे. किराण्याचा हिशेब मी तिच्यात लिहितो. रोजनिशी किरकोळ खरी, पण देणारा ती उगाच देत नाही.

या देवघेवीविरुद्ध आपल्याकडे पहिला संघटित आवाज उठला तो अनुभवी वैद्यकांचा नव्हे. तो विद्यार्थ्यांचा आणि नुकतीच पदवी हाती पडलेल्या तरुणांचा होता. रायपुर १९५६ पर्यंत ज्या मध्यप्रांतात होते त्याची राजधानी नागपूर. रायपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९६३ मध्ये. नागपुरात ते १९४७ पासूनच होते. त्याच नागपूर-सेवाग्राम परिसराचा या कथेशी निकटचा संबंध आहे.

१९७४ हे साल जयप्रकाशजींच्या आंदोलनाचे. त्या वाऱ्याने जे तरुण अस्वस्थ झाले त्यांत वैद्यकाचे विद्यार्थीही होते. आपण शिकतो ते कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. त्या अस्वस्थतेतून 'मेडिको फ्रेंड सर्कल' हे मित्रमंडळ त्या वर्षी जन्मास आले. नागपुरात शिकलेले अभय बंग व उल्हास जाजू हे त्यातले होते. पुढे पुण्याचे अनंत फडके त्याचे एक प्रमुख कार्यकर्ते झाले. मंडळाला ना इमारत होती, ना अनुदान. १९७६ पासून निघू लागलेली एक लहानशी पत्रिका आणि वर्षातून एकदा होणारी चर्चा, एवढाच त्यांचा संसार. शुद्ध पाण्यावाचून मरणाऱ्या मुलाला टॉनिकची बाटली लिहून देणारे वैद्यक कोणाचे हित साधते, असे प्रश्न तेथे संकोचावाचून विचारले जात.

हे विद्यार्थ्यांनाच का सुचावे? मला वाटते, त्यांच्या हाती अद्याप चिठ्ठी आलेली नव्हती. ज्याच्या चिठ्ठीला बाजारात किंमत असते त्याच्याकडे औषधकंपनीचा प्रतिनिधी नमुन्याच्या गोळ्या, पुस्तके आणि परिषदेची तिकिटे घेऊन येतो. एकदा हा परिपाठ पडला की त्यात काही वावगे आहे हेच दिसेनासे होते. डॉक्टर लाचखाऊ असतो असे मी म्हणत नाही. बहुतेक सज्जनच असतात. पण पदवीनंतर नव्या औषधाची माहिती त्यांना मिळते ती पुष्कळदा विकणाऱ्याच्याच तोंडून, आणि खरी अडचण तेथे आहे.

१९७५ मध्ये जयसुखलाल हाथी यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला. शंभराहून थोड्या अधिक औषधांत देशाची बहुतेक गरज भागते, आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत, असे त्या समितीने सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची आपली पहिली यादी १९७७ मध्ये काढली. म्हणजे आपण दोन वर्षे पुढेच होतो. अहवाल मात्र बव्हंशी कपाटात राहिला, आणि तो बाहेर काढून लोकांसमोर मांडण्याचे काम या तरुणांनी व त्यांच्यासारख्या इतर गटांनी अंगावर घेतले. गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी स्त्रियांना संप्रेरकांच्या तीव्र मात्रेची औषधे सर्रास दिली जात. त्यांवर १९८२ मध्ये बंदी आली, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि स्त्री-संघटना व हे डॉक्टर चिकाटीने मागे लागले तेव्हा १९८८ मध्ये ती बंदी पक्की झाली.

याच प्रवाहातले बिनायक सेन छत्तीसगढात आले. रायपुरच्या दक्षिणेस दल्ली-राजहरा येथे भिलाईच्या पोलादाला लोहखनिज पुरविणाऱ्या खाणी आहेत. तेथे शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली कामगारांची संघटना उभी राहिली होती. १९७७ च्या जूनमध्ये झालेल्या गोळीबारात त्यांचे अकरा जण मारले गेले. पुढे संघटनेची कार्यकर्ती कुसुमबाई बाळंतपणात दगावली, आणि आपले रुग्णालय आपणच बांधावे असे कामगारांनी ठरविले. ३ जून १९८३ रोजी त्यांच्याच वर्गणीने आणि श्रमाने शहीद रुग्णालय सुरू झाले. शैबाल जाना, आशिष कुंडू, आणि कलकत्त्याच्या विद्यार्थी-चळवळीतून आलेले पुण्यव्रत गुण यांनी तेथे काम केले. औषध मूळ नावाने लिहायचे, निरर्थक मिश्रणे टाळायची, अतिसाराला घरचे मीठ-साखरेचे पाणी द्यायचे, अशी तेथली रीत होती. इंजेक्शनावाचून आलेला रोगी समाधानाने घरी जात नाही, हा अनुभव खेड्यातल्या कोणत्याही डॉक्टरास विचारावा. येथे मात्र ते समजावण्याचे काम खाणीतली पाळी संपवून येणारे आरोग्यसेवक करीत. शेजाऱ्याने सांगितलेले लोकांना पटते.

अमेरिकेत अशी चळवळ विद्यार्थ्यांनी २००२ मध्ये आरंभिली, आणि २००७ पासून ते आपल्या महाविद्यालयांना गुण देऊ लागले. थोर समजल्या जाणाऱ्या हार्वर्डला त्यांनी नापास केले. गुरूंची परीक्षा शिष्यांनी घेतली आणि निकालही छापला!

आपल्याकडे कायदा सावकाश आला. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांच्या भेटी व प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. पण कौन्सिलचा हात डॉक्टरांपर्यंतच पोहोचत होता, देणारा मोकळाच राहिला. २०१५ ची संहिता कंपन्यांसाठी ऐच्छिक होती. २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एवढे केले की, अशा भेटींचा खर्च आयकरातून वजा मागता येणार नाही असे ठरविले. २ ऑगस्ट २०२३ रोजी मूळ नावाने औषध लिहिण्याची सक्ती करणारे आणि कंपन्यांनी भरविलेल्या परिषदांना जाण्यास बंदी घालणारे नियम निघाले. डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेतली आणि २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. एकवीस दिवसांचे आयुष्य!

मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी नवी संहिता आली. भेटींना तिने मनाई केली आहे. तक्रार ऐकणारी समिती मात्र कंपन्यांच्याच संघटनेची असते. शिवाय एक हजार रुपयांपर्यंतची पुस्तके, दिनदर्शिका आणि रोजनिशी देण्यास तिची हरकत नाही.